संताजी निकमांचा कान

नवं मॉड चढवलं त्या दुपारी संताजी निकम तीनदा बुडाला, आणि तिन्ही वेळा आपल्याला मारणारी बोट आली कुठून, हे त्याला कळलंच नाही.

पहिल्या वेळी तो हसला. दुसऱ्या वेळी खुर्ची पुढे ओढून बसला. तिसऱ्या वेळी पडद्यावर काळोख झाला, पाणी आत घुसल्याचा घळघळाट ऐकू आला, तेव्हा त्याने हेडफोन काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाला, "काहीतरी घोळ करून ठेवलाय यांनी."

पुढच्या खोलीत, म्हणजे मोटरदुरुस्तीच्या दुकानात, त्याची बायको अल्पना मोटरीच्या खाचांतून तार ओवत बसली होती. तिने मान वर केली नाही.

"कोणी?"

"मॉडवाल्यांनी."

"मग जुनंच खेळा. कोण बळजबरी करून राहिलंय?"

बळजबरी कोणाचीच नव्हती. खेळ पाणबुडीचा. दुसऱ्या महायुद्धातली पाणबुडी, अटलांटिक समुद्र, आणि कप्तान आपण. मारामारी थोडी, वाट बघणं फार. तासन्‌तास पाण्याखाली राहायचं, मालवाहू जहाजांचा तांडा शोधायचा, टॉर्पेडो सोडायचा आणि राखणीच्या बोटी मागे लागल्या की खोल जाऊन दडून बसायचं. मॉड म्हणजे मूळ खेळावर ठिकठिकाणच्या शौकिनांनी फुकटात चढवलेले बदल. कंपनीच्या मोटरीत संताजी आपल्या अंदाजाने जाड तार भरायचा, तसलाच प्रकार.

खेळ त्याला लावून दिला तो अर्पितने. अर्पित अल्पनाच्या भावाचा मुलगा, धारला एका शाळेत कॉम्प्युटर शिकवतो. दोन वर्षांपूर्वी गणपतीला देवासला आला तेव्हा अनन्या, म्हणजे संताजीची मुलगी, नुकतीच नोकरीसाठी इंदूरला गेली होती आणि तिचा कॉम्प्युटर मागच्या खोलीत टॉवेलखाली झाकून पडला होता. आतोबांना चौमासा काढायला काहीतरी हवं, म्हणून त्याने हा खेळ चढवला. पावसाळ्यात शेतातल्या मोटरी बंद असतात. दुकानात माश्या मारायच्या, नाहीतर मागे जाऊन समुद्रात उतरायचं. संताजीने समुद्र पत्करला.

चोपन्न वर्षांचा माणूस असल्या खेळात काय बघतो, असं अल्पनाने एकदा विचारलं होतं. त्याला सांगता आलं नाही. पण धार जिल्ह्यात निसरपूरला त्याने एक मोसम काढला होता. सरदार सरोवराचं पाणी चढणार म्हणून लोकांनी विहिरींतल्या मोटरी काढून द्यायला बोलावलं होतं. सकाळी एका विहिरीची मोटर काढावी आणि चार दिवसांनी तिकडून जाताना त्या विहिरीचा कठडाच दिसू नये. विजेच्या खांबांची नुसती डोकी वर. पाण्याखाली सगळं आहे तसं असेल, चुली, ओटे, गोठे, असं तेव्हापासून त्याच्या मनात घर करून बसलं होतं. खेळात पाणबुडी खाली गेली, वरचा उजेड विझला, की त्याला ते आठवायचं. आणि घाबरण्याऐवजी शांत वाटायचं.

तिसऱ्यांदा बुडाल्यावर त्याने अर्पितला फोन लावला.

"आतोबा, त्यांनी सगळं रिअल करून टाकलंय," अर्पित म्हणाला. बदलांची यादी इंग्रजीत होती, ती तोच वाचून द्यायचा. "सुनो. नंबर एक, नकाशावरचे निशाण हटवले. पहिले जहाज आलं की आपोआप टिपका यायचा ना, तो आता नाही. नंबर दोन, बॅटरी जल्दी उतरणार. नंबर तीन, आवाज ऐकणारा तुमचा माणूस आता फक्त 'आवाज आहे' एवढंच बोलेल. कोणाचा, कुठून, किती दूर, ते खुद हेडफोन लावून ऐका. नंबर चार, जहाज डुबलं की नाही, कोणी सांगणार नाही."

"म्हणजे कप्तानाला काही कळूच द्यायचं नाही."

"लढाईत कुठे कळायचं, आतोबा? पहिलेवालं तर खेळणं होतं."

हे शेवटचं वाक्य संताजीला लागलं. दोन वर्षं आपण ज्याच्यावर एवढे रुबाबात होतो ते नकाशावरच्या टिपक्यांच्या जिवावर, हे कोणी तोंडावर म्हटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्याने चौकातून कोन मोजायचा चांदा, फुटाची पट्टी आणि ट्रेसिंग कागदाची गुंडाळी आणली. पडद्यावरचं ऐकण्याच्या यंत्राचं चाक माउसने फिरवत आवाजाची दिशा धरायची, कागदावर रेघ मारायची, दहा मिनिटं थांबायचं, पुन्हा दिशा, पुन्हा रेघ. रेघा जिथे एकमेकींकडे झुकतात तिकडे जहाज चाललेलं असतं. वेग काढायचा पंख्याच्या ठोक्यांवरून. इथे मात्र संताजीला कोणी शिकवायची गरज नव्हती. मालवाहू जहाजाचा पंखा खाली धप्प, धप्प, धप्प असा चालायचा आणि तो घड्याळाकडे न बघता सांगायचा, मिनिटाला नव्वद. आठवड्याभरात त्याने एक जहाज दुर्बिणीने न बघता, नुसत्या ठोक्यांवर आणि रेघांवर बुडवलं. बुडालं हे सांगायलाही कोणी नव्हतं. लोखंड वाकल्याचा लांबलचक कण्हण्यासारखा आवाज त्याने डोळे मिटून ऐकला.

खेळणाऱ्यांच्या ग्रुपवर अर्पितने ते टाकलं तेव्हा लोकांनी विचारलं, हे कसं केलं. संताजीने अर्पितला लिहायला सांगितलं, "आमचा धंदाच हा आहे."

आणि खरंच होता. निकमांचे पूर्वज पवारांबरोबर दख्खनेतून आले ते तलवार घेऊन नव्हे. पणजोबा देवास संस्थानाच्या धाकट्या पातीच्या बागांतल्या मोटांची चाकं आणि कणे बसवायचे. आजोबांनी तेलाची इंजिनं उघडली, वडिलांनी, विठोबांनी, बोअरच्या मोटरी. चार पिढ्या पाणी वर काढण्याच्याच कामात. आणि विठोबांपासून घरात एक रीत चालत आली होती, सळईची.

बोअरची मोटर तीन-चारशे फूट खाली पाण्यात बुडालेली. ती बिघडलीय की नाही हे बघायचं तर तीन पायांची लोखंडी घोडी उभी करून, साखळी लावून, चार माणसं जुंपून सगळे पाइप वर ओढायचे. अर्धा दिवस जातो. म्हणून आधी ऐकायचं. हातभर लांब लोखंडी सळई, तिला लाकडी मूठ. टोक बोअरच्या पाइपावर टेकवायचं, मूठ कानाच्या हाडाशी, आणि मोटर चालू करायची. खालच्या लोखंडात जे काही चाललंय ते चढून कानात येतं. निकम उठून दोनच शब्दांपैकी एक बोलणार, "राहू द्या" नाहीतर "काढा." त्याच्यावर वाद नाही. विठोबांचा नेम असा की एका बोअरला एकच कान. दोघांनी ऐकलं की दोन मतं होतात आणि शेतकरी मधल्यामध्ये भिरभिरतो. निकम ऐकत असताना पोराटोरांनाही तिथून हाकलायचे, आणि नंतर सळई दुसऱ्या कोणाच्या हातात जायची नाही. तार ओवणं, मोटर बांधणं, दुकानातल्या टाकीत ती चालवून बघणं, हे घरच्या बायका करायच्या. बोअरवर जायचा तो फक्त कान.

तेव्हा आवाजावर चालणारा खेळ आला म्हणजे संताजीच्या घरचंच कार्य. ठोके जमले, रेघा जमल्या. राखणीच्या बोटी मात्र जमेनात. दर वेळी तेच. जहाज हेरावं, टॉर्पेडो सोडावा, सगळीकडे चाक फिरवून ऐकावं, काही नाही, शुकशुकाट. आणि त्या शुकशुकाटातून डोक्यावर स्फोट. जुन्या खेळात नकाशावर लाल टिपका यायचा. आता कोरा कागद.

अकराव्यांदा बुडाल्यावर त्याने निकाल देऊन टाकला. "अर्पित, त्या मॉडवाल्याला लिही. मालवाहू जहाजांचा आवाज घातलाय, राखणीच्या बोटींचा घालायला विसरलाय तो."

"घातलाय ना, आतोबा. मी रोज ऐकतो. मच्छर कानापाशी येऊन राहिला असं वाटतं. बारीक, चिरचिर."

"माझ्याकडे नाही येत. फाइल खराब असेल."

अर्पितने ती फाइल पुन्हा धाडली. संताजीने पुन्हा चढवली. मग हेडफोनवर संशय गेला आणि नवा हेडफोन आला. त्या मॉडवाल्याचं उत्तरही आलं, नम्र, की तुमच्यासारखी तक्रार दुसऱ्या कोणाची नाही, पण मी तपासतो. संताजी म्हणाला, "तपासतो म्हणजे चूक आहे."

हे दसऱ्याच्या आदल्या आठवड्यातलं. त्याच दिवसांत त्याचं बाहेरचं कामही सुरू झालं होतं. चार महिने गप्प बसलेल्या मोटरी लोक चालू करून बघतात आणि निकमांना ऐकायला बोलावतात, कारण पुढे पलेवा यायचा असतो. पलेवा म्हणजे लसूण-गहू लावण्याआधी कोरड्या रानाला द्यायचं पाणी. तेव्हा मोटरी वीज असेल तितके तास सलग चालतात. ज्या मोटरीला दम नसतो ती त्याच आठवड्यात जाते. संताजीने नवरात्रात नऊ बोअर ऐकले. सात ठिकाणी म्हणाला, राहू द्या.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी तो मागे खेळत होता. तांडा सापडला होता, चांगला मोठा. हेडफोन कानांवर, डोळे मिटलेले, हात चाकावर. अल्पना चहा घेऊन आली. कप ठेवायला वाकली तशी थबकली.

त्याने डोळे उघडले. ती काहीतरी बोलली होती. हेडफोन एका कानावरून सरकवून त्याने विचारलं, "काय?"

"हे काय चिरचिरून राहिलंय म्हटलं."

"कुठे?"

"तुमच्या त्या कानावरच्यातून. बाहेर येतोय आवाज. रातकिडा असतो ना, तसा. आता वाढला."

संताजीने हेडफोन पुन्हा नीट बसवला. दोन्ही हातांनी दाबून धरला. धप्प, धप्प, धप्प. दूरवर मालवाहू जहाजं. बाकी शुकशुकाट. तो तिच्या तोंडाकडे बघत राहिला आणि ती हेडफोनकडे. तिने एकदम मान आखडून घेतली, कोणी कानात ओरडावं तशी, आणि त्याच क्षणी पडदा पांढरा झाला आणि पाणबुडी फुटली.

अल्पनाने कप त्याच्या हाताशी सरकवला.

"चहा घ्या. गार होईल."

तो प्यायला नाही. दुकानात गेला, कोपऱ्यातल्या भंगारातून घासलेल्या पॅडची एक जुनी मोटर काढली आणि टाकीत बुडवून चालू केली. पॅड म्हणजे मोटरीच्या तळाशी बसवलेली चकती. अख्ख्या मोटरीचं वजन तिच्यावर फिरतं. ती झिजली की सगळ्यात आधी एक बारीक चिरका आवाज येतो, महिना-दोन महिने आधी. मग घरघर. मग मोटर अडकते आणि जळते. बोअर ऐकायचा तो त्या बारीक आवाजासाठीच. घरघर कोणालाही ऐकू येते.

त्याने सळई लावली. उजवा कान, मग डावा. मोटर भरघोस, गोल आवाजात चालली होती. चांगली मोटर चालते तशी.

"चिरतेय?" त्याने अल्पनाला विचारलं.

"इथून येतोय ऐकू," ती म्हणाली. ती दाराशी होती.

संताजीने बटण बंद केलं. मग म्हणाला, "गेल्या उन्हाळ्यात दोन मोटरी जळून आल्या. हाटपिपल्याची आणि ती दुसरी. मी व्होल्टेजवर ढकललं."

"हो."

"पॅड बघितली होतीस तू?"

"मीच उघडल्या ना त्या. पार खलास होती."

"आणि बोलली नाहीस."

अल्पनाने तारेचं रीळ उचलून मांडीवर घेतलं. "मामंजी जाईपर्यंत त्यांच्यापुढे मी सळईला हात लावला नाही. त्यानंतर तुमच्यापुढे नाही. एका बोअरला एकच कान. मग काय बोलायचं होतं मी? तुमचा कान म्हातारा झालाय म्हणून?"

"नुसतं पॅडबद्दल बोलली असतीस."

"बोलले होते. तुम्ही म्हणालात, लाइनचा लोड आहे."

ते त्यालाही आठवत होतं.

पुढच्या दोन दिवसांत तो कानाच्या डॉक्टरकडे जाऊन आला. डॉक्टरने डब्यासारख्या बंद खोलीत बसवून आवाज ऐकवले, कागदावर आलेख काढला. खालचे आवाज बरे होते. वरच्या, म्हणजे बारीक आवाजांची रेघ दरड कोसळावी तशी खाली गेली होती. किती वर्षं ग्राइंडर चालवता, असं त्याने विचारलं आणि उत्तराची वाट बघितली नाही. यंत्र लावून माणसांचं बोलणं नीट ऐकू येईल, पण लोखंडातला तो आवाज परत येईल याची हमी देत नाही, म्हणाला.

सात बोअर. ते सात 'राहू द्या' त्याच्या छातीवर बसले होते. सगळे बिघडलेले असतील असं नाही. कदाचित एकही नसेल. पण त्याने ऐकलंच नव्हतं, हे पक्कं. ऐकल्यासारखं करून तो उठला होता आणि शेतकऱ्यांनी चहा पाजून निरोप दिला होता. गप्प राहावं तर कोणाला कळणार नाही. जी जळेल ती व्होल्टेजने जळेल. जाऊन सांगावं तर पन्नास गावांत एकच गोष्ट पसरेल की निकमांचा कान गेला. आणि निकमांकडे दुसरं होतं काय? तार भरणारे देवासमध्ये वीस आहेत.

तिसऱ्या दिवशी तो पुन्हा खेळायला बसला. काही सुचेना म्हणूनच. पण या वेळी त्याने अल्पनाला हाक मारली.

"जरा येतेस? हे लाव कानाला."

"मला नाही खेळता येत तुमचं ते."

"खेळू नको. ऐक नुसतं. मी चाक फिरवतो. चिरचिर आली की सांग, आणि वाढली-कमी झाली की सांग."

तिने पदराने हात पुसले, हेडफोन घातला आणि स्टुलावर ताठ बसली, बँकेत फोटो काढायला बसवल्यासारखी. संताजीला आता काहीच ऐकू येत नव्हतं, खालचं नाही की वरचं नाही. पडद्यावर काळं-हिरवं पाणी. समोर कागद, पेन्सिल.

"आहे," ती म्हणाली. "थांबा, मागे घ्या. हां. इथे."

त्याने रेघ मारली.

"आता?"

"वाढतेय. डावीकडे सरकतेय. अहो, एक नाही, दोन आहेत. एक जाड आहे थोडी."

"दोन?"

"दोन. मी काय सांगून राहिलेय?"

त्याने पाणबुडीची मोटर अगदी मंद केली. पाणबुडी खोल नेली, जिथवर जाते तिथवर. अल्पनाने खांदे वर घेतले. "डोक्यावर आली. आली. गेली. दुसरी येतेय."

"कुठून?"

"उजवीकडून. आता वळा."

तो वळला. का वळायचं हे त्याने विचारलं नाही. जे स्वतःच्या कानाला ऐकू येत नव्हतं त्याच्यावर हात चालला. स्फोट झाले, पडदा हलला, दिवा गेला आणि आला. असा पाऊण तास गेला. मग अल्पना म्हणाली, "दूर गेल्या. आता नुसतं पाणी," आणि हेडफोन काढून कान चोळू लागली. "डोकं उठलं माझं. रोज हे करता तुम्ही?"

नव्या मॉडमध्ये तो पहिल्यांदा जिवंत परत येत होता. त्याने अर्पितला कळवलं नाही. कागदावरच्या रेघा बघत बसला. काही त्याच्या होत्या, काही तिच्या, आणि कोणती कोणाची हे आता कागदावरून सांगता येत नव्हतं.

"उद्या पीपलरावां गावाला जायचं," तो म्हणाला.

"जा ना."

"तुलाही यायचंय."

अल्पनाने त्याच्याकडे नीट बघितलं. "लोकांपुढे?"

"लोकांपुढेच."

पीपलरावां गावचा कमल पटेल त्या सातांतला एक, त्याचं वीस वर्षांपासूनचं गिऱ्हाईक. चाळीस बिघे, लसूण आणि बटाटा, बोलायला मोकळा माणूस. मोटरसायकलवरून नवरा-बायको उतरताना बघून तो बोअरवरूनच माळवीत ओरडला, "आओ भिया, आज तो भाभी भी. काई, सासरे जइ रिया हो?"

शेतात त्याचे दोन गडी आणि शेजारचा एक म्हातारा बसले होते. पलेव्यासाठी पाइप पसरून ठेवले होते. परवापासून सुरू करणार, कमल म्हणाला. मोटर तर तुम्ही बघितलीच आहे.

"पुन्हा बघायचीय," संताजी म्हणाला. "चालू करा."

"फेर? तमने तो कयो थो, रेवा दो." राहू द्या, हे संताजीचेच शब्द त्याने परत केले.

"चालू करा, कमल भिया."

मोटर चालू झाली. संताजीने सळई लावली आणि आधी स्वतः ऐकलं, कारण मनात एवढीशी आशा होती. गोल, भरघोस आवाज. काही खोट नाही. चाळीस वर्षांत ज्या आवाजावर तो विसंबला होता तोच. तो उठला आणि सळई अल्पनाच्या हातात दिली.

गडी हसले. म्हातारा कमलच्या कानात काहीतरी बोलला. कमल म्हणाला, "भाभी सुणेगा?"

अल्पना खाली बसली. तिला मूठ कशी धरायची माहीत नव्हतं. तिने ती कानाच्या भोकाशी नेली. संताजीने वाकून ती मागे, हाडावर टेकवली आणि बाजूला झाला. ती बराच वेळ ऐकत राहिली. त्याला वाटलं होतं ती लगेच मान हलवेल. तिने एकदा सळई काढून पाइपाच्या दुसऱ्या अंगाला लावली. मग वर बघितलं, त्याच्याकडे, बाकी कोणाकडे नाही.

"आहे. थांबून थांबून. आपल्या टाकीतली होती तेवढी नाही, पण आहे."

आता सगळे त्याच्याकडे बघत होते. रस्त्यात त्याने चार वाक्यं जुळवून आणली होती, त्यांतलं एकही आठवेना.

"कमल भिया, मला वरचा आवाज ऐकू येत नाही," तो म्हणाला. मग त्याला वाटलं म्हाताऱ्याला मराठी कळलं नसेल, म्हणून हिंदीत पुन्हा म्हणाला. "बारीक आवाज मेरे को नहीं आता अब. उस दिन भी नहीं आया था. मैंने बिना सुने बोल दिया था. हिला येतो. ही सांगतेय, काढा."

कमलचं हसू राहिलं तिथेच राहिलं. "तम मजाक करी रिया हो."

"नाही."

"ने जो भाभी गलत होय तो? म्हारो आधो दन गयो, चार आदमी गया."

"तर मी ओढतो तुमच्याबरोबर. आणि पुन्हा बसवून जातो. पण काढा."

कमलने बोअरकडे बघितलं, पसरलेल्या पाइपांकडे बघितलं, आणि गड्यांना घोडी आणायला सांगितलं. खूश होऊन नव्हे. संताजीने साखळीला हात लावला. अल्पना बांधावर बसून राहिली. तिला कोणी पाणीही विचारलं नाही.

दुपार कलता कलता मोटर वर आली. संताजीने तळाची टोपी उघडली आणि चकती बाहेर काढून कमलच्या तळहातावर ठेवली. एका बाजूने ती नखाएवढी पातळ झाली होती आणि कडेला चीर होती. तारेचं वेटोळं मात्र शाबूत होतं, काळं पडलेलं नव्हतं. पलेव्याचे चार दिवसही ती चालली नसती, हे त्यातल्या कोणालाही सांगावं लागलं नाही.

कमलने चकती उलटसुलट केली. मग म्हाताऱ्याला दाखवली. म्हाताऱ्याने ती अल्पनाला नेऊन दाखवली, का कोण जाणे. ती म्हणाली, "हां बाबा, यही बोल रही थी."

कमलचा राग उतरला नव्हता. तो संताजीसमोर येऊन उभा राहिला.

"भिया, एक वात बताओ. नवरात्रि में ओर किने-किने कयो थो रेवा दो?"

हाच प्रश्न यायचा होता. सकाळपासून त्याला ठाऊक होतं की तो येणार. त्याने नावं सांगितली. एकेक, गावासकट. सहा नावं. चौथ्या नावाला कमल म्हणाला, "ऊ तो म्हारो साढू हे," आणि फोन काढला.

"थांबा," संताजी म्हणाला. "मला लावून द्या. मीच सांगतो."

कमलने नंबर लावला आणि फोन त्याच्या हातात दिला. पलीकडे बराच वेळ घंटी वाजत राहिली. बांधावरून अल्पना उठली, पदर खोचून त्याच्याशेजारी येऊन उभी राहिली.

"हां, संताजी निकम बोलतोय, देवासहून," तो म्हणाला. "तुमचा बोअर चालू करू नका. मी परत ऐकायला येऊन राहिलो. नाही, मी नाही. माझी बायको ऐकेल. हो, बायको. का, ते आल्यावर सांगतो." मग थांबला, आणि म्हणाला, "नाही, आत्ताच सांगतो."